डाव्या हाताचा सॅल्यूट

कृष्णात निकमाला गावात तोंडावर ‘मेजर’ म्हणत आणि पाठीमागं ‘चेकपोस्ट’. फौजेतून नायब सुभेदार होऊन तो घरी आला त्याला बरीच वर्षं झाली, पण अंगातला पहारा काही उतरला नव्हता. खताचं पोतं आलं की शिलाई उसवून आत कोपरापर्यंत हात घालून बघणार. पाणी शुद्ध करायचं यंत्र विकायला आलेल्या माणसाला त्यानं आधी त्याच यंत्राचं पाणी प्यायला लावलं होतं. तो माणूस “आत्ताच चहा झालाय” म्हणाला, तेव्हा कृष्णात त्याला स्वतः फाट्यापर्यंत पोचवून आला. लग्नाच्या बैठकीत मुलगा मोठ्या कंपनीत आहे असं कुणी सांगितलं की सगळे कृष्णातच्या तोंडाकडं बघत. तो गप्प राहिला तर सोयरीक पुढं सरके. त्यानं नुसतं “कुठली कंपनी?” एवढं विचारलं तरी पाहुण्यांच्या चहात माशी पडे. लोक त्याला हसत, आणि अडलं की त्यालाच विचारायला येत.

बोरजाईवाडी हे रहिमतपूरच्या अलीकडचं, उसात बुडालेलं गाव. घरटी एक माणूस फौजेत किंवा फौजेतून आलेला. फाट्यावर एक काळा दगड आहे, लढाईत गेलेल्यांची नावं कोरलेला. गावचा रिवाज असा, की ज्याचं पोर भरती झालं त्या बापानं त्या दगडापुढं नारळ फोडायचा. नारळ फुटेपर्यंत कुणी अभिनंदन करत नाही आणि पेढाही खात नाही. कारण यादीत नाव असल्याच्या अफवा गावात रोज उठतात, बाप मात्र खात्री केल्याशिवाय नारळ हातात घेत नाही. एकदा नारळ फुटला की त्या गोष्टीवर गावाची मोहोर बसली.

कृष्णातला एकच लेक, दीपमाला. गेलं वर्षभर ती रहिमतपूर रस्त्यावरच्या विश्वजित सरांच्या भरती अकॅडमीत राहून पोलीस भरतीची तयारी करत होती. तिचं मैदान झालं होतं, लेखी झाली होती, शेवटची यादी तेवढी लागायची होती. अकॅडमीत मोबाइल कपाटात कुलूपबंद, फक्त रविवारी मिळायचा. ह्या नियमावरही कृष्णातला संशय होता, पण पोरगी म्हणाली, “पप्पा, शिस्त हाय ती,” आणि शिस्तीच्या पुढं त्याचं काही चालत नसे.

त्या गुरुवारी सकाळी तो डेअरीला दूध घालायला निघाला आणि फाट्यावर थबकला. एसटीच्या थांब्यापेक्षा उंच फ्लेक्स लागला होता. त्यावर खाकी वर्दीतली दीपमाला, मागं तिरंगा. ‘आमची वाघीण! पोलीस दलात निवड झाल्याबद्दल माजी सैनिक कृष्णात निकम यांची कन्या दीपमाला हिचे हार्दिक अभिनंदन.’ एका बाजूला हात जोडलेले विश्वजित सर, वाघिणीपेक्षा दुप्पट मोठे. खाली लाल अक्षरात ‘नवीन बॅच सुरू’.

कृष्णातची नजर पोरीच्या चेहऱ्यावर थांबली ती क्षणभरच. मग ती हाताकडं गेली. दीपमाला सॅल्यूट करत होती, आणि करत होती डाव्या हातानं.

जन्मात कुणी डाव्या हातानं सॅल्यूट केलेला त्यानं बघितला नव्हता. पोरीला तर त्यानं चौथीत असताना अंगणात उभं करून शिकवलेलं. म्हणजे फोटो आरशातल्यासारखा उलटा केलाय, त्याच्या डोक्यात टिकटिकलं. का उलटा केलाय? पोरीचं तोंड सरांच्या बाजूला वळावं म्हणून. आणि फोटो ज्यानं उलटा केला त्यानं आणखी काय काय उलटं केलं असेल? पोरीनं आधी घरी का नाही कळवलं? यादी कधी लागली?

हे सगळं त्याच्या जिभेवर आलं होतं. तेवढ्यात शेजारची बयाबाई फ्लेक्स बघायला जमलेल्या गर्दीतून वाट काढत आली आणि तिनं त्याच्या कपाळाला गुलाल फासला.

“कृष्णात, पोरीनं पांग फेडलं रं बाबा! पोरगा न्हाई म्हनून लोकं तुला काय काय बोलली. आता बोला म्हनावं!”

थांब्याजवळ दुकान चालवणारा केरबा, तोही रिटायर हवालदार, नारळ घेऊन पुढं झाला. “घे मेजर. आज तुझा मान.”

कृष्णातनं आजवर त्या दगडापुढं दुसऱ्यांचे नारळ फुटताना बघितले होते. टाळ्या वाजवल्या होत्या, खोबरं खाल्लं होतं, आणि घरी येऊन उगाचच गोठ्यात खूप वेळ बसला होता. मुलीसाठी त्या दगडापुढं अजून एकही नारळ फुटला नव्हता. पहिला तो फोडणार होता. सगळे बघत होते, बयाबाईच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि त्याला स्वतःला आतून इतका आनंद झाला होता की त्या आनंदाची त्याला भीतीच वाटली. त्यानं डाव्या हाताकडं पुन्हा बघितलं नाही. नारळ उचलला आणि फोडला.

टाळ्या झाल्या. अकॅडमीचा टी-शर्ट घातलेला एक जण समोर मोबाइल धरून उभा होता, हे त्याच्या ध्यानात आलं तेव्हा तो माणूस मोटारसायकलला किक मारून निघालाही होता.

दुपारपर्यंत तो व्हिडिओ गावातल्या प्रत्येक मोबाइलवर पोचला. आधी वर्दीतली दीपमाला डोळे पुसत म्हणायची, “पप्पा, मी करून दाखवलं!” मग ढोलताशांचं संगीत, आणि संथ गतीनं हात वर जाऊन नारळ फोडणारा कृष्णात. खोबऱ्याचे तुकडे हळूहळू हवेत उडत. शेवटी सरांचे जोडलेले हात. दीपमालाची आई तो पुन्हा पुन्हा लावून रडत होती आणि चपात्या करपत होत्या. कृष्णातनं एकदा बघितला आणि पाणी प्यायला उठला. चांगलं केलं होतं, हे त्याला मान्य करावं लागलं. स्वतःचंच तोंड बघून त्याच्या घशात दाटून आलं होतं, आणि ज्या गोष्टीनं इतक्या लवकर घसा दाटतो तिचं पोतं उसवून बघावं, असं त्याचं मन म्हणत होतं. यादी मोबाइलवर बघता आली असती. पण नारळ फोडून बसल्यावर बघायची हिंमत होईना.

दोन घास पोटात जातात न जातात तोच बयाबाई नातीला घेऊन आली. प्रांजल, बारावी झालेली, लाजरी पोरगी. आईबाप पुण्याला कामाला, ही आज्जीजवळ वाढलेली. मिरजेच्या नर्सिंग कॉलेजात तिला जागा मिळाली होती आणि उद्या मूळ कागदपत्रं द्यायचा शेवटचा दिवस होता.

“मिरजेला न्हाई जात म्हनतीया,” बयाबाई कौतुकानं म्हणाली. “दीपाताईसारखी वर्दी पायजे म्हनं. मी बी म्हनलं, जा. सरांशी बोलनं झालंय फोनवर.”

“काकी, जरा दम खावा,” कृष्णात म्हणाला. “नर्सिंगची जागा सुटली तर परत मिळंल व्हय?”

“आता तू न्हाई म्हनू नगंस. दुसऱ्या कुनाची पोरगी असती तर मी आदी तुलाच इचारलं असतं, खरं हाय का खोटं. तुज्या नजरंतनं खोटं सुटतंय व्हय? तू नारळ फोडलास, म्हंजी इचारायचं कामच ऱ्हायलं न्हाई.”

ती हसत निघून गेली. आजवर गावानं कृष्णातच्या संशयाची टिंगल केली होती. तोच संशय कुणीतरी शिक्क्यासारखा वापरला, आणि शिक्का मारायला हात त्याचाच घेतला, हे त्याला आत्ता उमगलं. त्यानं ताट सारलं आणि मोटारसायकल काढली.

रहिमतपूर रस्त्यानं जाताना त्याला सरांचा राग कमी आणि पोरीचा संशय जास्त येत होता. हीच गोष्ट त्याला जाळत होती. तिनं स्वतःच फोटो दिला असेल तर? ती म्हणतेय की ‘करून दाखवलं’, रडतेय, आणि ते रडणं खरं वाटतंय. आपली पोरगी इतकं खऱ्यासारखं खोटं रडू शकते का? उसानं भरलेल्या ट्रॅक्टरमागं अडकून तो हाच विचार करत राहिला, आणि पुढं जायला जागा मिळाली तरी काही वेळ मागंच राहिला.

विश्वजित सरांनी त्याला खुर्ची दिली, चहा मागवला. ट्रॅकसूट, डोक्यावर सरकवलेला काळा चष्मा, आवाजात मध. हॉलच्या भिंतीवर वाघ, गरुड आणि सर यांची चित्रं होती.

“या निकम साहेब! आज तर तुम्ही हिरो आहात. सकाळपासून तुमच्याच गावाचे फोन येतायत.”

“यादी लागली का?”

सरांनी चहाची बशी सरळ केली. “लागली. दीपमाला थोडक्यात हुकली. थोडक्यात म्हणजे अगदीच थोडक्यात. वेटिंगवरून वर येईलच ती.”

“म्हंजी नाव न्हाई.”

“आज नाही. उद्या असेल. साहेब, हे सगळं प्रेरणेसाठी असतं. एक फोटो लागला की दहा पोरी पहाटे उठून पळायला लागतात. पोरी पळाल्या तर कुणाचं काय बिघडलं, सांगा तुम्ही. खोटं कुठं आहे यात? थोडं आधी सांगितलं, एवढंच.”

पोरी पळतील हे खरंच होतं.

“आन् माझं नाव कशाला घातलं त्यावर?”

सर पहिल्यांदाच मोकळं हसले. “आता खरं सांगू? तुमच्या भागात माझ्या नावावर कुणी विश्वास ठेवत नाही. तुमच्या ठेवतात.”

एवढं एक वाक्य तो माणूस खरं बोलला. कृष्णात उठला आणि चहाला हात न लावता बाहेर मैदानात गेला.

दीपमाला मैदानाच्या कडेला, धुळीनं भरलेले बूट घालून उभी होती. त्याला बघून पळत आली नाही. जवळ आल्यावर तिनं पहिलं हेच विचारलं, “पप्पा, तुमी नारळ का फोडला?”

त्यानं कपाळावर उरलेला गुलाल बाहीनं पुसला.

“मगाशी सरांनी सगळ्या पोरींना त्यो व्हिडिओ दावला. समद्यांनी टाळ्या वाजवल्या. माझं नाव न्हाई हे एकीलाबी ठाव न्हाई.” तिचा आवाज फाटला. “मला गेल्या आठवड्यातच कळलं हुतं. सर म्हनाले, घरी सांगू नगंस, वेटिंगचं बघू. आन् इथंच नव्या पोरींना शिकवायला ऱ्हा म्हनाले, मॅडम म्हनून.”

“आन् त्यो व्हिडिओ? ‘करून दाखवलं’ म्हनत रडतीयास की तू.”

“त्यो समद्यांचाच हाय, पप्पा. हितं आल्यावर म्हैन्याभरातच काढून घेत्यात. जिचं नाव यील तिचा सोडायचा. पेटीत एकच वर्दी हाय, सगळ्या पोरी तीच घालत्यात. मला ढगळ हुती म्हनून मागनं पिना लावल्या हुत्या. रडायला येत नव्हतं, तवा सर म्हनाले, बापाच्या पायाच्या भेगा आठव. मग आलं.”

कृष्णातनं नकळत खाली आपल्या चपलांकडं बघितलं. मग तो पोरीच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाला, “बॅग भर.” पोरगी खोटं रडली नव्हती, एवढं त्याला कळलं, आणि सकाळपासून छातीवर बसलेला एक दगड उतरला. दुसरा फाट्यावर होता.

दिवस कलायला ते गावात पोचले. थांब्यावर माणसं होतीच. बयाबाई आणि प्रांजल केरबाच्या दुकानात अकॅडमीत न्यायची पत्र्याची पेटी बघत होत्या. दीपमालाला बघून कुणीतरी शिट्टी वाजवली, कुणी हार आणायला धावलं. कृष्णातनं गाडी त्या काळ्या दगडापाशी उभी केली आणि परेडवर बोलावं तसं मोठ्यानं सांगितलं.

“माज्या पोरीची निवड झालेली न्हाई. यादीत नाव न्हाई. ह्यो फ्लेक्स खोटा हाय, आन् सकाळचा नारळबी.”

कुणाचा विश्वासच बसला नाही. एक जण हसला. बयाबाईचा चेहरा मात्र हळूहळू बदलत गेला.

“असं व्हय,” ती म्हणाली. “सोताच्या पोरीचं झालं, आता माजी पोरगी जायाला लागली तर वाट अडवतोयस? तुजा सोभावच हाय त्यो, कृष्णात.”

“आवं आज्जी, मीच सांगतीया न्हवं,” दीपमाला पुढं झाली. “माझं नाव न्हाई.”

“तुला बापानंच शिकवलं आसंल. व्हिडिओत दिसतंय की समदं! नारळ फुटलाय. फुटलेला नारळ कवा खोटा झालाय का ह्या गावात?”

गर्दी मान डोलवू लागली. आयुष्यभर ज्याच्या संशयावर गावानं भरवसा ठेवला, त्याच्यावरच आज गाव संशय घेत होतं, आणि मोबाइलवरची यादी दाखवली तरी ती आता कुणाला पटली नसती. मग त्यानं फ्लेक्सकडं बोट केलं.

“हात बगा तिचा. कंचा हाय?”

सगळ्यांनी वर बघितलं. गर्दीत निम्मे फौजी होते. इतक्या माणसांत असं गप्प होणं त्या फाट्यानं फक्त श्रद्धांजलीच्या वेळी बघितलं असेल.

“डावा,” शेवटी केरबा खालमानेनं म्हणाला. “मला सकाळीच दिसला हुता, गड्या.”

“मलाबी,” मागून कुणीतरी म्हणालं. आणखी एकानं मान हलवली.

कृष्णात चिडून ओरडला, “मग बोलला का न्हाईस? नारळ माज्या हातात देताना तरी बोलायचं!”

केरबानं वर बघितलं. “वाटलं, तुला दिसलाच आसंल. तुला दिसून तू फोडतोयस म्हंजी बाकी समदं बराबर आसंल. म्हनून गप बसलो.”

कृष्णात खाली बसला, तिथंच, दगडाच्या पायरीवर. त्याला खरंच लाज वाटली, आणि ती लपवायचं त्यानं मनातही आणलं नाही. फ्लेक्सवाल्यानं एक हात उलटा केला होता. बाकीचं काम ह्या लोकांनी एकमेकांच्या तोंडाकडं बघून पुरं केलं होतं, आणि त्यातला पहिला तो स्वतः होता.

प्रांजल रडायच्या बेतात उभी होती. दीपमाला तिच्याजवळ गेली. “मी सोडनार न्हाई, काय? पुढच्या भरतीला परत उतरनार. सकाळी मी ह्या रस्त्यानं पळनार हाय. पळायची हौस आसंल तर तूबी ये. फी न्हाई आन् फोटूबी न्हाई. पन उद्या आदी मिरजेला जा, कागदं दे.”

बयाबाईनं कनवटीला बांधलेला सकाळच्या खोबऱ्याचा तुकडा सोडला, कृष्णातच्या शेजारी पायरीवर ठेवला आणि नातीचा हात धरून घरी गेली. दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीनं दोघी मिरजेला गेल्याचं केरबानं सांगितलं.

फ्लेक्स केरबाच्याच शिडीवर चढून कृष्णातनं उतरवला. कापड भारी होतं. कडब्यावर टाकायला ते उपयोगी पडलं, अर्थात वाघीण आत आणि पांढरी बाजू वर. सकाळी दीपमाला रस्त्यानं पळू लागली. चौथ्या-पाचव्या दिवसापासून तिच्या मागं आणखी काही पोरी दिसू लागल्या, आणि गोठ्यातून त्यांच्या पावलांचा आवाज ऐकताना कृष्णातला कबूल करावं लागे, की त्या खोट्यातून एवढं एक खरं उगवलंय. ते कुणाच्या खात्यावर मांडायचं हे त्याला कळत नसे. व्हिडिओ काढून टाकतो असं सर फोनवर म्हणाले होते. कृष्णातनं त्यावर विश्वास ठेवला नव्हताच.

एका दुपारी त्याचा फोन वाजला. नंबर ओळखीचा नव्हता. मागं मेंढरांचा गलका ऐकू येत होता.

“मेजरसायेब का? मी बिराप्पा बोलतूय, आटपाडीकडचा. तुमास्नी राम राम करावा म्हनलं.”

“माझा नंबर कुनी दिला?”

“जाहिरातीखाली हाय की. ‘पालकांशी बोला’ म्हनून. मी म्हनलं, बोलायचं काय त्यात? ह्यो मानूस नारळ फोडताना बगितला, तवाच ठरवलं. लय गरीब तोंड हाय सायेब तुमचं, खोटं बोलनाऱ्याचं न्हाई. कालच पोरीला तितं सोडून आलो. कॉलेज बंद केलं तिचं. आता मेंढरं घिऊन चरायला लांबच्या मुलखावर निघालोय. तेवढी पोरीवर नदर ठेवा.”

पलीकडं बिराप्पा कुत्र्याला हाक मारत होता, मेंढरांना वळवत होता, आणि त्याचा आवाज अगदी निर्धास्त होता.

“बिराप्पा,” कृष्णात म्हणाला, “कुटं हाईस त्ये सांग आन् तितंच थांब. फुडं जाऊ नगंस. मी येतूय.”

“आवं, कशाला सायेब? एवढं लांब?”

“समोर बसून सांगायचं हाय. फोनवर न्हाई पटायचं तुला.”

त्यानं किल्ली घेतली. दीपमालानं न विचारताच बूट घातले आणि मागं बसली. गाडी सुरू झाली नाही तोच फोन पुन्हा वाजला. हाही नंबर नवीनच होता.